तालमीशिवायचं अपडेट

आमची नाटक कंपनी आहे आणि आमच्या घरात तालीम कोणी करत नाही.

हे मी तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून सांगतेय. वडशाला स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आमचं ऑफिस आहे. दिवाळी झाली की होळीपर्यंत रोज एका नव्या गावात प्रयोग. नट कुठून कुठून येतात, दुपारी जेवतात, झोपतात, रात्री मिशी लावतात आणि उभे राहतात. संवाद? ते मोठे बाबा सांगतात. मोठे बाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ आणि कंपनीचे प्रॉम्प्टर. स्टेजच्या बाजूला बसून ते अख्खं नाटक वाचतात आणि नट त्यांच्या मागोमाग तेच बोलतात. हातवारे आणि रडणं तेवढं स्वतःचं. (पहिल्या रांगेतल्यांना प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं. त्यांना वाटतं, पुढे बसल्याचा हा फायदाच आहे.) एखादा नवा नट चुकून विचारतो, "तालीम कधी?" तर बाबा त्याच्याकडे असे बघतात, जणू त्याने जेवताना काटा-चमचा मागितलाय.

"तालीम कायले?" बाबा म्हणतात. "दादा हाय ना!"

अशा घरात मी जन्मले, ही दोन्ही बाजूंनी झालेली चूक आहे. मी बोलत नाही. बाबांनी मला कॉन्व्हेंटात घातलं, म्हणजे निदान इंग्रजीत तरी बोलेन. मी इंग्रजीतही गप्प राहायला शिकले. फोन वाजला की तो थांबेपर्यंत मी त्याच्याकडे बघत बसते आणि मग मेसेज पाठवते, 'फोन केला होता का?' पुढे नागपूरला कॉम्प्युटर शिकले आणि आता घरी बसून नागपूरच्याच एका कंपनीसाठी वेबसाईट सांभाळते. माणसांशी न बोलता पोट भरता येईल असं दुसरं काम मला सापडलं नाही.

आमची वेबसाईटसुद्धा मी फोनच्या भीतीनेच बनवली. सीझनच्या तोंडावर ऑफिसचा फोन सकाळी सुरू व्हायचा तो थांबायचाच नाही. "भाऊ, आमच्या गावाले कोनती तारीख?" हा प्रश्न आजूबाजूच्या सगळ्या जिल्ह्यांतून, सगळ्या आवाजांत. मग मी साईट केली. गावोगावच्या मंडळांनी सभासद व्हायचं, लॉगिन करायचं, मोकळी तारीख बघायची आणि मागायची. सभासदांचे दोन प्रकार ठेवले: 'मंडळ' आणि 'कलाकार'. कलाकारांना फक्त कुठल्या रात्री कुठल्या गावात उभं राहायचंय ते दिसायचं. चाचणीसाठी मी माझंही एक खातं उघडलं होतं. मंडळ: वडसा. अध्यक्ष: मी. सभासद: मीच. फोटो: माझा. असं शांत मंडळ नागपूरच्या पूर्वेकडच्या आमच्या सबंध झाडीपट्टीत दुसरं नसेल.

आता प्लगइन म्हणजे काय ते सांगायला हवं. मूळ सॉफ्टवेअर म्हणजे मंडप समजा. प्लगइन म्हणजे ऑर्गनवाला, तबलेवाला, लाईटवाला. एक ब्रह्मपुरीचा, एक आरमोरीचा, एक कुठला ते कोणालाच माहीत नाही. एकमेकांना ओळखत नाहीत, पण एका सुरात वाजले पाहिजेत. आमच्याकडे एक प्लगइन सभासद सांभाळायचा, एक कॅलेंडर, एक सगळ्यांच्या मोबाईलवर मेसेज पाठवायचा, एक बॅकअप घ्यायचा. आणि उन्हाळ्यापासून साईटच्या डोक्यावर एक लाल पट्टी आली होती: अपडेट करा, अपडेट करा. मी तिला फोनसारखं वागवत होते. बघत बसायचे.

पण दसरा आला. दसऱ्याला बाबा ऑफिससमोर नारळ फोडतात आणि सीझनच्या तारखा खुल्या होतात. आदल्या दिवशी दुपारी मी पाहिलं, तर नव्या मोबाईलवर कॅलेंडर उघडतच नव्हतं. अपडेट टाळून चालणार नव्हतं.

अपडेट कसं करायचं हे मला माहीत नाही असं नाही. माझ्या नोकरीत नव्या मुलांना हेच मी शिकवते (मेसेजवर). आधी पूर्ण बॅकअप. मग साईटची हुबेहूब नक्कल बनवायची, तिच्यावर अपडेट करून बघायचं. मेसेज पाठवणारं सगळं बंद ठेवायचं. एका वेळी एकच प्लगइन, प्रत्येकानंतर तपासणी. सगळं नीट चाललं, तरच खऱ्या साईटला हात लावायचा.

"किती वेळ लागते याले?" बाबा खांद्यावरून डोकावले.

"संध्याकाळ होईल. आधी नक्कल करून तिच्यावर करून बघावं लागतं."

"करून पाह्याचं? म्हनजे तालीम?"

"हो, तालीमच म्हणा."

बाबांनी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक दिली, "दादा, आयकलं का! पोरीची वेबसाईट तालीम मागते!"

आतून मोठे बाबांच्या हसण्याचा आवाज आला. ते हसले की त्यांना ठसका लागतो. ठसक्यानंतर ते पुन्हा हसले. शिवणयंत्रावर राजकुमाराच्या अंगरख्याला टिकल्या लावत बसलेली आईसुद्धा हसली. मला त्या क्षणी काय झालं सांगता येत नाही. रक्तच ते! मी 'सर्व निवडा' या चौकटीवर टिचकी मारली आणि 'अपडेट' दाबलं.

पडदा पांढरा झाला. पांढरा म्हणजे धुतलेल्या धोतरासारखा.

"झालं?" बाबांनी विचारलं.

"होतंय," मी म्हटलं.

थोड्या वेळाने साईट परत आली. तोच लोगो, तेच रंग, कॅलेंडरही उघडलं. मी श्वास सोडला आणि तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. मेसेज होता. आमच्याच कंपनीचा, वडसा मंडळाच्या अध्यक्षांना, म्हणजे मला:

'आपले सभासदत्व संपुष्टात आले आहे. आजवरच्या सोबतीबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. पुढील प्रवासास शुभेच्छा.'

हा मजकूर मीच लिहिला होता. इंग्रजीत विचार करून मराठीत लिहिलं की माझं असंच होतं. मोठे बाबांनी मोबाईल हातात घेऊन वाचला आणि हळू आवाजात विचारलं, "कोन गेलं वं?"

सगळे गेले होते. नव्या सभासद-प्लगइनला जुन्या नोंदी वाचता येईनात, म्हणून त्याने शंभरावर गावांना एका फटक्यात बाहेर काढलं होतं. आणि मेसेजवाला प्लगइन, जो एरवी निम्म्या वेळा झोपलेला असायचा, त्याने आज अगदी मन लावून प्रत्येकाला कळवलं होतं.

ऑफिसचा फोन वाजायला लागला. मी त्याच्याकडे बघत बसले. आईने उचलला.

"हो भाऊ... नाई भाऊ... नाई, कोनाची काई चूक नाई... नाई, भाऊजी जिवंत हायेत, इथीच बसून हायेत."

मी बॅकअप शोधला. बॅकअप घेणारा प्लगइनही 'सर्व निवडा'मध्ये होता आणि सगळ्यात आधी तोच आडवा झाला होता. मग मी साईटला जागा देणाऱ्या होस्टिंगवाल्यांना लिहिलं. (फोन नंबर दिला होता. मी लिहिलं.) त्यांच्याकडे काल रात्रीची प्रत होती; ती लावून देतो म्हणाले, पण उद्या संध्याकाळपर्यंत. उद्या सकाळी नारळ होता!

तेव्हा मला वाटलं, निदान सभासदत्व तरी परत देऊ. सगळे निवडले, प्रकारांची यादी उघडली. आधी या यादीत 'मंडळ' पहिलं असायचं. मी न बघता पहिलं दाबलं, जसा माणूस अंधारात घरचं बटण दाबतो. अपडेटने यादी वर्णानुक्रमे लावली होती. पहिलं होतं 'कलाकार'.

माझा मोबाईल पुन्हा वाजला.

'अभिनंदन! आमच्या नाट्यकंपनीत कलाकार म्हणून आपली निवड झाली आहे. आपली भूमिका लवकरच कळवू.'

ऑफिसचा फोन थांबला. एकदम. आईने रिसीव्हर उचलून कानाला लावून पाहिला, बिघडला की काय म्हणून.

आमच्या भागाबाहेरच्या माणसाला हे कळणार नाही. दुसरीकडे कुठे असा मेसेज आला असता, तर लोक हसले असते, नंबर ब्लॉक केला असता. पण झाडीपट्टीत असा पुरुष नाही ज्याने बांधावर उभं राहून एकदा तरी बैलांसमोर राजाचं भाषण केलेलं नाही. शंभरावर गावांच्या मंडळांचे अध्यक्ष त्या दुपारी, मला खात्री आहे, आरशासमोर उभे होते.

पण खरा घोळ वेगळाच होता आणि तो मला कॅलेंडरमध्ये दिसला. चिचटोल्याची मंडई.

मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा. त्या दिवशी घरोघरी लेकी-जावई येतात, पै-पाहुणे येतात आणि रात्री नाटक असतं म्हणजे असतंच. घर पाहुण्यांनी भरलेलं आणि गावात नाटक नाही, असं झालं तर गाव वर्षभर मान वर करत नाही. चिचटोल्याच्या मंडईची तारीख आमच्या कंपनीत कधी कोणाला मागावी लागली नाही. आजोबांनी आपला पहिला मंडप तिथे टाकला होता. तेव्हापासून ती तारीख चिचटोल्याचीच. साईटवर मी ती कुलूप लावून ठेवली होती. सभासद बाहेर गेले तसं कुलूपही उघडलं. आणि सालेटोल्याच्या मंडळाचे अध्यक्ष मुखरूभाऊ यांनी आपलं सभासदत्व का संपलं हे बघायला साईट उघडली, तर समोर मंडईची तारीख मोकळी! कॅलेंडरला तोवर सभासद कोण आणि पाहुणा कोण हेच कळेनासं झालं होतं. मुखरूभाऊंनी तारीख घेतली. साईटने त्यांना लिहून दिलं: 'आपली तारीख पक्की.' त्यांनी ते लगेच सासुरवाडीपर्यंत पाठवलं.

मी बाबांना दाखवलं. बाबा हसले नाहीत.

"रद्द करते मी," मी म्हटलं. "चूक साईटची आहे."

"कंपनीनं पक्की म्हटली का पक्की," बाबा म्हणाले. "कोनाच्या हातानं म्हटली, हे गाव नाई पाहात."

"मग चिचटोला?"

"तिथी बी आपली जबान हाय."

त्यांनी चहा संपवला. आई साखर घालायला विसरली होती. बाबांना ते कळलं नाही, तेव्हा मला प्रकरण किती गंभीर आहे ते कळलं.

दसऱ्याच्या सकाळी मी खिडकीतून बाहेर पाहिलं. ऑफिससमोर मोटारसायकलींची रांग लागली होती. दरवर्षी लागते. पण दरवर्षी माणसं अशी नसतात. ज्याची त्याची दाढी गुळगुळीत, केस काळेभोर, काहींच्या कानांवर अजून रंग. नेहमी तारखांवरून एकमेकांच्या अंगावर जाणारी माणसं आज एकमेकांना आधी जाऊ देत होती. एक जण तर राजाच्या पोशाखातच आला होता. मुकुट हँडलला अडकवलेला.

"हे सारे काऊन मिशा कोरून आले?" आईने विचारलं.

"निवड झालीये त्यांची," मी म्हटलं.

बाबा नारळ हातात घेऊन उभे होते, पण फोडावा की नाही हे त्यांना कळत नव्हतं. एवढ्यात चिचटोल्याचा टेम्पो आला. त्यातून मंडळाच्या अध्यक्षा कौशल्याबाई उतरल्या आणि त्यांच्यामागून गावातल्या आणखी बाया. कौशल्याबाईंची दाढी कोरायची नसल्यामुळे त्यांचा राग जसाच्या तसा होता.

"काय भाऊ, आमचं सभासदत्व संपलं म्हन्ते! पुढल्या प्रवासाले शुभेच्छा म्हन्ते! आमी मेलो का?"

"नाई वो बाई, ते मशीननं..."

"मंग म्हन्ते, कलाकार झाली! मले नाटक करायचं नाई भाऊ, मले पाह्याचं हाय! तिनई जावई येऊन राह्यले मंडईले. त्यायले काय दाखवू, हा मोबाईल?"

"तारीख तुमचीच हाय बाई," बाबा म्हणाले.

"अशी कशी?" गर्दीतून मुखरूभाऊ पुढे आले. त्यांनी मिशा टोकाला वळवल्या होत्या. "माह्याजवळ लिहून हाय. पक्की!"

"तुमी घेतली? चिचटोल्याची मंडई तुमी घेतली?" कौशल्याबाई कमरेवर हात ठेवून वळल्या.

"मोकळी दिसली, घेतली! मोकळी गाय दिसली तं..."

"गाय म्हन्ता आमच्या मंडईले?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. "स्नेहू," बाबा म्हणाले, "सांग बेटा. काय झालं ते सांग."

मी तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं. मराठीही नव्हती, इंग्रजीही नव्हती. शंभर माणसं, त्यांतला एक राजा, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि मग बाजूने, खांबाच्या आडून, सवयीने, हळू पण खणखणीत आवाज आला:

"माझ्या हातून फार मोठी चूक झाली..."

"माझ्या हातून फार मोठी चूक झाली," मी म्हटलं.

"मी तालीम न करता अपडेट केलं..."

"मी तालीम न करता अपडेट केलं."

"मी एक अजाण बालिका आहे..."

"मी एक अजाण... मोठे बाबा, मी नोकरी करते!"

मुखरूभाऊ सगळ्यात मोठ्याने हसले. पण हसताना त्यांनी एक हात मिशीवर ठेवला होता, ती बिघडू नये म्हणून. न बोलणाऱ्या माणसाला बघायला भरपूर वेळ मिळतो. मी बघत होते. भांडतानाही त्यांचं लक्ष कौशल्याबाईंकडे नव्हतं, बाबांकडे होतं. दोनदा त्यांनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं होतं आणि मिटलं होतं.

मी बाबांच्या कानाशी गेले. "बाबा, त्यांना तारीख नकोय. त्यांना रोल हवाय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग मुखरूभाऊंच्या मिशीकडे. आणि त्यांच्या अंगात कंपनीचा मालक परत आला.

"मुखरूभाऊ," ते म्हणाले, "तुमच्या रोलचं बोलायचंच राह्यलं. हवालदार."

मुखरूभाऊंचा चेहरा उजळला, मग थोडा पडला. "हवालदार? इन्स्पेक्टर नाई?"

"पयल्या वर्षी हवालदारच राह्यते. पयला प्रयोग चिचटोल्यात. मंडईच्या राती."

"मंडईच्या राती तं आमच्या गावात नाटक..." मुखरूभाऊ थांबले.

"हो ना!" बाबांनी दुःखाने मान हलवली. हे दुःख त्यांचं स्वतःचं होतं, मोठे बाबांनी काही सांगितलं नव्हतं. "तुमचं गाव, तुमची तारीख. तुमी खुर्चीवर बसा अन् नाटक पाहा. हवालदार मी दुसऱ्याले देतो. बरेच जन हायेत."

मागे शंभर मिशा एकदम हलल्या.

"थांबा ना भाऊ! एवढी काय घाई हाय!" मुखरूभाऊ ओरडले. "आमच्या गावाले दुसऱ्या दिवशी ठेवा. काय फरक पडते? पाहुनेच तं हायेत, एक दिवस जास्त राहतीन. पन तिथीबी हवालदार मीच!"

"तुमीच."

बाबांनी नारळ फोडला. बाकीच्यांना त्यांनी सांगितलं, निवड सर्वांची कायम आहे, रोल जसे निघतील तसे देऊ. सगळे समाधानाने आपापल्या तारखा घेऊन गेले. राजा जाताना मुकुट घालून गेला.

मी आत सटकणार एवढ्यात कौशल्याबाईंनी माझा हात धरला.

"अन् हिचा रोल?"

"माझा?" मी म्हटलं.

"वेबसाईटवर कलाकारायच्या पानावर हिचा फोटो हाय. सर्वायच्या वर!" त्यांनी मोबाईल बाबांसमोर धरला. खरं होतं. साईटवरचं पहिलं खातं माझं, म्हणून फोटोही पहिला. खाली शंभर अध्यक्ष. मुख्य नायिकेसारखी दिसत होते. "हिच्यापायी आमची मंडई जात होती. आता आमच्या गावात हिनं उभं राह्यलंच पायजे. हवालदाराची बायको करा हिले."

मी आशेने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "एकच वाक्य हाय बेटा."

होस्टिंगवाल्यांनी संध्याकाळी अपडेटच्या आधीची प्रत लावून दिली, सभासद परत मंडळ झाले, मी तारखा हाताने भरल्या. फक्त एटापल्लीच्या पलीकडच्या एका मंडळाची समजूत काढायची राहिली. त्यांच्या गावात नेटवर्क नसतं. कोणी एटापल्लीला बाजाराला आलं की साठलेले मेसेज येतात, आणि त्यांना ते उलटे आले. आधी कलाकार म्हणून निवड, मग सभासदत्व संपुष्टात. दोन दिवसांनी ते दोन बस बदलून आले, बाबांसमोर बसले आणि त्यांच्या अध्यक्षांनी फार सभ्यपणे विचारलं, "भाऊ, आमचं काम पाह्यच्या आधीच काऊन काढलं?"

मंडईच्या दिवशी मी बाबांना म्हटलं, "एकदा तरी तालीम करूया ना. एकच वाक्य आहे. पाच मिनिटं."

"अपडेटच्या वेळी तू केली होती?" बाबांनी विचारलं.

मी तोंडाला पावडर लावायला गेले.

पहिल्याच अंकात माझा प्रवेश होता. हवालदार झालेले मुखरूभाऊ दंडा फिरवत चोर शोधतात, बायको येते, म्हणते, "अहो, चोर तर तुमच्या मागेच उभा आहे!" आणि घाबरून आत जाते. हे वाक्य मी जेवताना, केस विंचरताना, नागपूरच्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून म्हणत होते. स्टेजवर पाय ठेवला. समोर जमिनीवर, बैलबंड्यांवर, झाडांवर माणसं. पहिल्या रांगेत कौशल्याबाई आणि तीनही जावई. डोक्यावर माईक लोंबत होता, माझ्या श्वासाचा आवाज अख्ख्या चिचटोल्याला ऐकू जात होता.

मोठे बाबा म्हणाले, "अहो, चोर तर तुमच्या मागेच उभा आहे."

मी गप्प.

मोठे बाबांनी पुन्हा म्हटलं. पहिल्या रांगेनेही म्हटलं. चोराने स्वतः खोकून सुचवलं.

"बोल वं माय!" कौशल्याबाई ओरडल्या.

आणि माझ्या तोंडून वाक्य बाहेर पडलं. "अहो, चोर तर तुमच्या मागेच उभा आहे!" स्पष्ट, खणखणीत, शेवटपर्यंत. एवढं मोठ्याने मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. मला वाटलं, अरे, हे तर सोपं आहे! मी मोठे बाबांकडे पुढच्या शब्दांसाठी पाहिलं. आता निघायचं, हे मला आठवावं म्हणून त्यांनी पुस्तकातलं हळूच वाचलं:

"घाबरून आत जाते."

"घाबरून आत जाते!" मी गर्जले.

मग मुखरूभाऊंनी, ज्यांना इथे काहीच वाक्य नव्हतं आणि ज्यांना ते फार लागलं होतं, दंडा उगारून विचारलं, "कोन?"

"मी!" मी म्हटलं आणि आत गेले.

लोक किती वेळ हसत होते ते मला माहीत नाही. मी पडद्यामागे ट्रंकेवर बसले होते. चोर पकडायचा राहूनच गेला, कारण चोरालाही हसू आवरत नव्हतं. एक जावई खुर्चीवरून खाली पडला. (लागलं नाही. दरवर्षी येईन म्हणाला.) जाताना कौशल्याबाईंनी आईजवळ लाडूंचा डबा दिला आणि निरोप ठेवला, पुढच्या मंडईलाही हीच पोरगी पाहिजे.

आता साईटवर तारीख मागताना 'विशेष सूचना' नावाच्या रकान्यात गावं काय लिहितात, सांगू? कोणालाही नायिका नको असते. 'ते घाबरून आत जाते वाली बाई पाठवावी.' बाबा होकार कळवतात. मला विचारत नाहीत.

मी मात्र शिकले. साईटची एक हुबेहूब नक्कल करून ठेवली आहे, तिचं नावच 'तालीम'. बॅकअप दोन ठिकाणी. मेसेज बंद करायचं बटण वेगळं. आता आमच्या सबंध घरात तालीम करणारी एकटी आमची वेबसाईट आहे आणि मोठे बाबा पाहुण्यांना हे हसून, मग ठसकून, मग पुन्हा हसून सांगतात.

काल सकाळी लॅपटॉप उघडला, तर लाल पट्टी परत आली होती. सगळी तयारी होती. नक्कल होती, बॅकअप होता, क्रम पाठ होता, दसरा लांब होता. मी माऊसवर हात ठेवला.

"काय हाय वं ते लाल?" बाबांनी मागून विचारलं.

"अपडेट."

"मंग?"

मी लॅपटॉप मिटला आणि घाबरून आत गेले.